छबूबाईची एकनळी

पोलिसातल्या माणसाला सगळ्यात नावडतं काम कोणतं, असं विचारलं तर लोक बंदोबस्त म्हणतील. साफ खोटं. बंदोबस्तात निदान वारा लागतो. खरं नावडतं काम म्हणजे मुद्देमालाची खोली. जप्तीच्या सायकली, हातभट्टीचे कॅन, कुणाच्या तरी भांडणातला कोयता, आणि निवडणूक लागली की परवानेवाल्यांच्या जमा झालेल्या बंदुका, हे सगळं एका कौलारू खोलीत, आणि त्या सगळ्याला जबाबदार एकटा हवालदार. तो हवालदार मी. नोकरीची शेवटची अकरा वर्षं मी त्या खोलीत काढली. ठाणं कुठलं ते सांगत नाही. राहुरी आणि सोनईच्या मधलं कुठलं तरी, एवढं पुरे. निवृत्त झालो असलो तरी पेन्शन चालू आहे.

माझं नाव बिभीषण. आईबापांनी ते ठेवलं तेव्हा पोरगं पोलिसात जाईल असं त्यांना वाटलं नसावं. खात्यातले लोक त्यावरून मला घरभेदी म्हणायचे आणि स्वतःच हसायचे. चौतीस वर्षं तोच विनोद. पण गोष्ट माझी नाही, छबूबाईची आहे.

आमच्याकडं कालव्याच्या पट्ट्यात पीक संरक्षणाच्या बंदुका पुष्कळ. ऊस आला, उसात रानडुकरं आली, रानडुकरांमागून परवाने आले. निवडणूक जाहीर झाली की या सगळ्या बंदुका ठाण्यात जमा करायच्या आणि निकालानंतर घेऊन जायच्या, असा कायदा. बंदूक जमा करताना माणूस कळतो. बागायतदार ती टेबलावर अशी टाकतो, जणू आमच्यावर उपकार केले. माजी सैनिक पावती दोनदा वाचतो. छबूबाई मात्र पावती वाचत नसे, ती लिहून घेत असे.

साठी ओलांडलेली, काटक बाई. नऊवारी लुगडं, चष्म्याच्या दांड्यांना बांधलेली सुतळी, आणि मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेली बारा बोअरची एकनळी. ॲपे रिक्षातून ती तशीच, लेकुरवाळी बसते तशी बसून यायची. टेबलापाशी आली की बंदूक उलगडायची आणि मला म्हणायची, "लिवा." मग दस्त्यावर उजव्या अंगाला तांदळाएवढा खड्डा, नळीच्या तोंडाशी केसाएवढा ओरखडा, चापाच्या कड्याचा रंग उडालेला, असं सगळं मला पावतीवर लिहावं लागे. एकदा मी कंटाळून म्हणालो, की बाई, लेकीला सासरी धाडतानासुद्धा कुणी एवढं लिहून घेत नाही. त्यावर तिनं, लेक परत येती तेव्हा बोलती तरी, असं मला ऐकवलं होतं.

बंदूक जमा झाली तरी तिचा पिच्छा सुटत नसे. दर सोमवारी बाई हजर. पिशवीत शिलाई मशीनच्या तेलाची बाटली, धुतलेल्या लुगड्याच्या चिंध्या आणि एक लांब गज. खोलीच्या दारातल्या उजेडात बसायची, बंदूक मोडून नळी वेगळी करायची, गजाला चिंधी गुंडाळून ती नळीतून आरपार ओढायची. मग नळी आभाळाकडं धरून एक डोळा मिटून आत बघायची. मी हात लावायला गेलो तर हातावर चापट बसे. बाकीच्या बंदुकांकडं बघून ती नाक मुरडायची. तिचं म्हणणं असं, की गंज आजच्या आज काढला तर फडक्यानं निघतो, उद्या घासून काढावा लागतो, आणि परवा नळीच बदलावी लागती. हे ती माझ्याकडं बघून म्हणायची. का, ते मला कळत नसे, पण राग मात्र यायचा.

आता या बंदुकीची जन्मकथा सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळायचं नाही. छबूबाईचा नवरा सहादेव आणि त्याचा धाकटा भाऊ वाल्मिक. एका वर्षी ऊस चांगला गेला तेव्हा दोघं भाऊ एकाच एसटीनं नगरला गेले आणि एकाच दुकानातून, एकाच कारखान्याच्या दोन बंदुका घेऊन आले. नंबरसुद्धा पाठोपाठचे. एकीच्या शेवटी सहा, दुसरीच्या शेवटी सात. पुढं वाटण्या झाल्या, मधे बांध आला, आणि बांध आला म्हणजे काय काय येतं ते आमच्या जिल्ह्यात सांगायला नको. दोघं भाऊ गेले. सहाची बंदूक छबूबाईच्या नावावर झाली, सातची वाल्मिकच्या मुलाच्या. त्याचं नाव गोरक्षनाथ.

गोरक्षनाथबद्दल मी चांगलं बोलावं अशी कुणाची अपेक्षा असेल तर त्यानं इथंच थांबावं. पांढरे कपडे, पांढरी गाडी, आणि दोन्हींवर पुढाऱ्याचा फोटो. बंदूक त्याच्याकडं होती ती खांद्याला लावून फोटो काढण्यापुरती. बापाच्या माघारी ती त्यानं उघडून पाहिली असेल तर मी मिशा उतरवीन. पण बांध कोरायचं काम तो गड्यावर सोडत नसे. दर वर्षी वाफसा आला की स्वतः ट्रॅक्टरवर बसायचा आणि चुलतीच्या बांधातलं नांगराचं एखादं तास अलगद आपल्याकडं घ्यायचा. छबूबाईला मूलबाळ नाही. भांडायला माणूस नाही. तिचा उपाय एकच. गोरक्षनाथचा ट्रॅक्टर दिसला की ती बांधापाशी बाज टाकून बंदूक साफ करायला बसे. तेवढं दिसलं की ट्रॅक्टर चार हात आधीच वळायचा. ही म्हातारी कधी काय करील याचा नेम नाही, असं सगळ्या शिवारात बोललं जाई, आणि तिचा बांध टिकला होता तो केवळ त्या बोलण्यावर.

२०१९च्या विधानसभेची आचारसंहिता पितृपक्षात लागली. त्यामुळं खंडेनवमीला तालुक्यातली सगळी हत्यारं आमच्याकडं माहेरपणाला आलेली. साहेब नवे होते आणि हौशी होते. म्हणाले, यंदा नुसत्या सरकारी रायफलींची पूजा नको, लोकांच्या बंदुकाही मांडा, लक्ष्मी दारात आलीय. मलाही उत्साह आला. महिनाअखेरीस नाही, पण पुढच्या महिनाअखेरीस मी निवृत्त होणार होतो. ही माझी शेवटची खंडेनवमी. मी सतरंजी अंथरली, त्रेचाळीस बंदुका ओळीनं मांडल्या, झेंडूच्या माळा घातल्या. प्रत्येक बंदुकीला पुठ्ठ्याची चिठ्ठी सुतळीनं बांधलेली असे, मालकाचं नाव आणि नंबर लिहिलेली. हळदीकुंकवानं चिठ्ठ्या खराब होतील म्हणून मी त्या सोडून बाजूला ठेवल्या. साहेबांनी नारळ फोडला तो बरोबर बंदुकांच्या डोक्यावर. पाणी सगळीकडं. मग दुपारभर मी एकेक बंदूक पुसत बसलो, तेलाचा हात फिरवला आणि चिठ्ठ्या परत बांधल्या.

नंबर बघून बांधल्या का? नाही. अकरा वर्षांत मला बंदुका तोंडावरून ओळखू येत होत्या, निदान तसा माझा समज होता. गवळ्याला म्हशी विचारून बांधाव्या लागत नाहीत, असं मी त्या दिवशी शिपायाला ऐकवलंसुद्धा. त्यानंतर सगळं ठाणं मतदानाच्या बंदोबस्तात गेलं, खोलीला कुलूप लागलं, छबूबाईचे सोमवार बंद झाले.

दिवाळी झाल्यावर बंदुका परत द्यायला सुरुवात केली. पहिल्याच दिवशी गोरक्षनाथ आला. फोनवर बोलत सही केली, फोनवर बोलत बंदूक उचलली, फोनवर बोलत गेला. दुसऱ्या दिवशी शुक्रवारी छबूबाई आली. मी मोठ्या तोऱ्यात तिची बंदूक काढून पुढं ठेवली. तिनं उचलली, खांद्याला लावून पाहिली, मोडली, आणि नळी खिडकीकडं धरून आत बघितलं.

"ही माजी न्हाई," ती म्हणाली.

मी हसलो. तिनं नळी माझ्या डोळ्याला लावली. आत काळंमिट्ट. नळीच्या मधोमध कोळ्यानं संसार मांडलेला. छबूबाईच्या नळीत असं काही असणं म्हणजे देवळात उष्टं खरकटं असण्यासारखं. मी चष्मा लावून नंबर पाहिला. शेवटी सात.

पावतीवर सहा. दुसऱ्याच्या परवान्यावरची बंदूक मी माझ्या हातानं, माझ्या सहीनं भलत्याला दिली होती. निवृत्तीला एकोणतीस दिवस. चार्ज देताना नवा माणूस नंबर बघून मोजून घेणार, आणि तिथं हे उघड झालं की विभागीय चौकशी. चौतीस वर्षांच्या नोकरीवर शेवटच्या महिन्यात डाग. बायकोनं निरोपासाठी साडी घेऊन ठेवली होती.

आता ही बाई आकाशपाताळ एक करणार म्हणून मी मान खाली घालून उभा राहिलो. पण ती ओरडली नाही. तिचा चेहराच उतरला. माझी कुणाकडं गेली, एवढंच तिनं विचारलं. गोरक्षनाथचं नाव घेतल्यावर ती भिंतीला धरून खाली बसली. मी पाणी दिलं. थोड्या वेळानं ती म्हणाली, की साहेबाला सांगू नका, कुणाला सांगू नका, गुपचूप बदलून घेऊ. हे तर मी तिच्या पाया पडून मागणार होतो. तिनंच ते मागितल्यावर मला बरं वाटायला हवं होतं, पण पोलिसाच्या मनात आधी संशय येतो. हिला कसली भीती?

गोरक्षनाथला मी फोन लावला. सही राहिलीय, बंदूक घेऊन या, असं सांगितलं. तो मुंबईत होता. त्या दिवसांत राज्यात सरकार कुणाचं ते ठरत नव्हतं, आणि आपण तिथं हजर असल्याशिवाय ते ठरणार नाही अशी त्याची समजूत होती. बंदूक घरी कपाटात, सही हवी असेल तर हवालदारानं घरी यावं, तो काही रिकामा नाही. असं म्हणून त्यानं फोन ठेवला. छबूबाईनं गोरक्षनाथची बंदूक आपल्या लुगड्यात गुंडाळली आणि म्हणाली, तवर ही मी नेते, असली घाण बघवत न्हाई. मी तिला ती नेऊ दिली. एका चुकीवर दुसरी चूक चढवली की पहिली दिसत नाही, हा आमच्या खात्याचा जुना अनुभव.

रविवारी चैन पडेना म्हणून मोटारसायकल काढून तिच्या वस्तीवर गेलो. गोरक्षनाथ मुंबईहून परतला होता आणि ट्रॅक्टरवर होता. बांधाला अगदी चिकटून नांगर चाललेला. नुसता चिकटून नाही, बांधाची कड ढासळत होती. मी बाज शोधली, तर बाज ओसरीत उभी करून ठेवलेली. छबूबाई घरात, दार लोटून, चुलीपुढं बसून गोरक्षनाथची बंदूक साफ करत होती. पोत्यावर सगळे भाग मांडलेले. नळी लख्ख झाली होती. जुनाट तेल खरवडून तिनं कळा मोकळ्या केल्या होत्या. मी म्हणालो, बाई, तिकडं पुतण्या बांध खातोय आणि तुम्ही आत काय बसलात, बाहेर जाऊन बसा की नेहमीसारख्या, हातात बंदूक तर आहे. ती मान वर न करता म्हणाली, की आज बाहेरचा वारा सोसत नाही. नोव्हेंबरातलं कोवळं ऊन पडलं होतं. वाऱ्याचा मागमूस नव्हता. मी उंबऱ्यावर बसलो. ट्रॅक्टरचा आवाज जवळ आला की तिचा हात थांबायचा, लांब गेला की चालू व्हायचा.

मंगळवारी सकाळी गोरक्षनाथचा फोन. आदल्या संध्याकाळी त्याच्या मक्यात डुकरं शिरली, ह्यानं जन्मात पहिल्यांदा बंदुकीत काडतूस भरलं आणि चाप ओढला. नुसतं टक वाजलं. तीन काडतुसं बदलली, तीनदा टक. डुकरं मका खात राहिली आणि गडी हसले. आता त्याचं म्हणणं असं, की ठाण्यात नारळाचं पाणी घालून तुम्ही माझी बंदूक बिघडवली. कुणीतरी खंडेनवमीचे फोटो त्याला दाखवले होते. उद्या तो ती नगरला दुरुस्तीच्या दुकानात नेणार, तिथून पाण्यानं बिघडल्याचं लेखी घेणार आणि ते साहेबांच्या टेबलावर आपटणार.

दुरुस्तीचं दुकान म्हणजे काय ते मला माहीत होतं. तिथला माणूस बंदूक हातात घेतली की आधी नंबर वाचतो, परवान्याशी ताडतो आणि वहीत लिहितो. त्याशिवाय स्क्रूला हात लावत नाही. म्हणजे उद्या दुपारी बारापर्यंत माझी नोकरी संपणार होती, साडीसकट.

मी तडक छबूबाईकडं गेलो आणि सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, काही कळत नाही, तुमच्यासारखी बंदूक ठेवणारं कुणी नाही, मग ती उडाली कशी नाही? तेव्हा तिनं सांगितलं. बंदुकीत काडतुसाच्या बुडाला टोचणारी जी पिन असते, ती तिच्या बंदुकीत नाही. वीस वर्षं नाही. नळी आरशासारखी, दस्ता चकचकीत, चाप मऊ, आणि पिनच नाही. म्हणजे सगळा तालुका ज्या बंदुकीला भीत होता तिच्यातून वीस वर्षांत साधा धूर निघालेला नव्हता. दर सोमवारी ती ठाण्यात येऊन का बसायची आणि मला हात का लावू देत नव्हती, हे मला त्या क्षणी उमगलं. उद्या नगरच्या दुकानात हे उघड झालं की गोरक्षनाथला कळणार, आणि मग बांध राहत नाही. मला हसू येत होतं आणि माझ्या तर मानेवर सुरी. तिला मात्र हसू येत नव्हतं.

"चला," ती उठली. "त्याच्या दारात जाऊन दुरुस्त करू."

दुपारी आम्ही दोघं बांध ओलांडून गोरक्षनाथच्या अंगणात गेलो. कित्येक वर्षांनी चुलती दारात आली म्हणून त्याची बायको रुपाली गोंधळून पाणी घेऊन आली. छबूबाईच्या खांद्याला लुगड्यात गुंडाळलेली बंदूक, म्हणजे मुळात गोरक्षनाथची. मी त्याला म्हणालो, की तक्रार कराच, पण त्याआधी बाईंना एकदा बघू द्या, बंदुकीतलं त्यांना कळतं. तो छद्मी हसला. बंदूक आणून दिली आणि विचारलं, की काकी, तुझी कशाला आणलीस? छबूबाईनं तोंड एवढंसुद्धा वाकडं न करता सांगितलं, की चांगल्या बंदुकीशेजारी ठेवल्याशिवाय बिघडलेलीचा बिघाड कळत न्हाई. हे त्याला पटलं. आजारी बैलाशेजारी धडधाकट बैल बांधून काय कळतं, असा प्रश्न त्याच्या डोक्यात आला नाही. असले प्रश्न डोक्यात येणारा माणूस पुढाऱ्याचा फोटो गाडीवर लावत नाही.

तिनं अंगणात पोतं अंथरलं. दोन्ही बंदुका मोडल्या. नळ्या, दस्ते, नळीखालची लाकडं, सगळं सुटं करून मांडलं. जुळ्यांचे कपडे एका दोरीवर वाळत घातल्यासारखं. मी घामाघूम. माझं काम एकच, गोरक्षनाथचं लक्ष दुसरीकडं नेणं. मी विचारलं, की मग सरकार कुणाचं येणार? एवढं पुरलं. तो खुर्ची माझ्याकडं वळवून बसला आणि मुंबईत कोण कुणाला काय म्हणालं ते सांगू लागला, तिथं स्वतः उभा असल्यासारखं. छबूबाई चिंधीनं पुसत होती, फुंकर मारत होती, मधूनच कपाळाला आठ्या घालत होती. एकदा तर तिनं स्वतःच्याच पिनविरहित बंदुकीकडं बोट दाखवून रुपालीला समजावलं, की बघ बया, हिला म्हणतात निगा. मी घाईनं गोरक्षनाथला पुढचा प्रश्न विचारला. बाईला मजा वाटू लागली होती.

अर्ध्या तासानं तिनं दोन्ही बंदुका जुळवल्या. शेवटी सहा होती ती आपल्या लुगड्यात गेली, शेवटी सात होती ती गोरक्षनाथच्या हातात. झालं काय होतं, त्यानं विचारलं. तिनं सांगितलं, की कोळी बसला होता. हे खरं होतं, फक्त चार दिवसांपूर्वीचं. मग म्हणाली, मक्याच्या कडंला चल, एक काडतूस घाल, आभाळाकडं धर आणि ओढ.

काल तीनदा टक ऐकलेला माणूस. त्यानं निष्काळजीपणानं, एका हातानं धरल्यासारखी धरली आणि ओढली. बार झाला तेव्हा कालव्यावरचे बगळे उठले, गोरक्षनाथ मागच्या सरीत जाऊन बसला, पांढरा लेंगा चिखलात, आणि मक्यातून चार डुकरं आमच्या डोळ्यांदेखत उसाकडं पळाली. गडी हसले नाहीत, कारण सगळे छबूबाईकडं बघत होते. ती गुंडाळलेली बंदूक खांद्यावर घेऊन उभी होती, फक्त कानातलं बोट तेवढं काढलं. गोरक्षनाथनं उठून तिच्याकडं पाहिलं ते वेगळ्या नजरेनं. जी बाई कोळ्यानं बंद पडलेली बंदूक अर्ध्या तासात अशी करते, तिची स्वतःची कशी असेल, हा विचार त्याच्या तोंडावर लिहिलेला मला दिसला. तक्रारीचं तो परत बोलला नाही. जाताना चुलतीला हळूच म्हणाला, की रविवारी जरा नांगर आत गेला वाटतं, तेवढी कड बांधून देतो. ती म्हणाली, दे.

मी तिला वस्तीवर सोडलं. माझा जीव भांड्यात पडला होता. नंबर जुळले, वही जुळली, साडी वाचली. छबूबाईनं चहा ठेवला. मी ओसरीत बाजेवर पाय पसरून बसलो आणि आता आपण तिचं भलं करावं अशी मला इच्छा झाली. मी म्हणालो, बाई, आज निभावलं, दर वेळी निभणार नाही. नगरला माझ्या ओळखीचं दुकान आहे, परवाना घेऊन चला, अर्ध्या तासात नवी पिन बसवून देतील. वीस वर्षं कुणी मोडकी बंदूक पुसत बसतं का?

तिनं कपबशी माझ्यापुढं ठेवली आणि समोर बसली.

"मोडली न्हाई, हवालदार. मी काढली," ती म्हणाली. "हे रोज म्हनायचे, वाल्मिकला उडवीन. मी म्हनायची, उडवा. रोज म्हननारा मानूस काय उडवत न्हाई. एक दिस जेवायला बसले आन काईच म्हनले न्हाईत. गप जेवले, गप झोपले. मला ते गप बसनं पटंना. पहाटं ते पान्याची दारं धरायला गेले तवा मी बंदूक खोलली आन पिन कालव्यात टाकून आले."

दुसऱ्या दिवशी सहादेवनं बांधावर सख्ख्या भावाच्या छातीवर बंदूक धरली आणि चाप ओढला. टक वाजलं. ती विहिरीपाशी उभी राहून बघत होती. दोघं भाऊ कितीतरी वेळ तसेच उभे राहिले. मग वाल्मिक खाली बसला, मग सहादेव बसला, आणि दोघं बांधाच्या दोन अंगांना बसून लहान पोरांसारखे रडले. त्यानंतर ते एकमेकांशी बोलले नाहीत, पण भांडलेही नाहीत. पिन कुठं गेली, हे सहादेवनं मरेपर्यंत बायकोला विचारलं नाही. दर सोमवारी स्वतः बंदूक पुसून ठेवायचा, एवढंच.

मी कप हातात घेतला. तिनं केवढं ओझं एकटीनं वाहिलं होतं. पण मी सरकारी माणूस, मला प्रत्येक गोष्ट तडीला न्यावी लागते. मी म्हणालो, ते ठीक आहे, पण ते दोघंही गेले. आता बसवायला काय हरकत? आता घरात कोण कुणावर धरणार?

छबूबाई थोडी लाजली. बोलू का नको असं तिला झालं. मग पदराचा शेव बोटाला गुंडाळत ती म्हणाली, "तुमाला वाटतं मी बांधावर बंदूक पुसत बसते? गोरक्ष्या ट्रॅक्टर घिऊन आला का मी लुगड्याआडनं त्याच्यावर धरती आन चाप वढती. दर वर्साला. दोनदा-तीनदा. टक वाजतं. लई बरं वाटतं."

मी कप खाली ठेवला. रविवारी ती दार लोटून का बसली होती, ते मला आत्ता कळलं. त्या दिवशी तिच्या मांडीवर चालू बंदूक होती.

"दुरुस्त केल्यावर मंग वढायची कशी?" ती म्हणाली, आणि माझ्या बशीत उरलेला चहा ओतला.